जुने चित्रपट मुलांना दाखवताना सेन्सॉरच्या 'यू' (सर्वांसाठी) दाखल्यावर किती विसंबायचं?

मृण्मयी_ठाणे:

नमस्कार मंडळी,

सुट्टीत घरात चार मुलं जमली आहेत. माझी लेक अकराची, जावेच्या दोघी आठ आणि तेराच्या, नणंदेचा मुलगा पंधराचा. रात्री जेवणं आटोपली की सगळ्यांनी मिळून एक जुना चित्रपट पाहायचा, ही साबांची (सासूबाईंची) कल्पना. मला मनापासून आवडली. मोबाइल बाजूला पडतात, आजी-नातवंडं एका सतरंजीवर बसतात आणि साबांकडे प्रत्येक नटाचा एक तरी किस्सा असतोच.

यादी त्यांनीच केली. सत्तर-ऐंशीच्या दशकातले हिंदी, जोडीला मराठी. मी एकच नियम ठेवलाय. मुलांपुढे लावायच्या आधी दुपारी मी तो चित्रपट एकदा पळवत पाहते. त्यातून जे दिसतंय त्याबद्दल इथल्या पालकांशी बोलायचं आहे.

चुंबन कुठेच नाही. शिव्या जवळपास नाहीत. पण नायकाची बहीण पडद्यावर आली की तिचं पुढे काय होणार हे मला आधीच कळायला लागलंय. राखी बांधते, हसते, कॉलेजला जाते आणि मध्यंतराच्या आत खलनायकाच्या तावडीत सापडते. कॅमेरा तिच्या फाटलेल्या बाहीवर रेंगाळतो. मग ती जीव देते आणि उरलेला चित्रपट भावाच्या सुडाचा. तिचं नाव पुन्हा निघतं ते फक्त खलनायकाला मारताना. एखाद्या चित्रपटात असतं तर मी सोडून दिलं असतं, पण यादीत हे पुन्हा पुन्हा येतंय. शिवाय नायिका नको म्हणत असताना तिची वाट अडवणारा नायक आणि गाण्याच्या शेवटी तिचं लाजून हसणं. काळ्या रंगावर, तोतरेपणावर, बायकी चालीच्या पुरुषावर विनोद.

यातलं बरंचसं आम्ही दूरदर्शनवर घरच्यांसोबत बसून पाहिलेलं आहे, सगळं रीतसर सेन्सॉर झालेलं. मग सेन्सॉरनं नेमकं काय तपासलं होतं? आणि आज आपण काय तपासायचं? तुम्ही असे प्रसंग पुढे ढकलता, नंतर मुलांशी बोलता, की चित्रपटच यादीतून काढता?

कोकणकडा:

ताई, काळजी कळली, पण मी थोडा वेगळा विचार करतो. आमच्याकडे गणपतीत वाडीतल्या अंगणात पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. म्हातारी माणसं, तान्ही पोरं घेतलेल्या बाया, आम्ही शाळकरी, सगळे एकत्र. मारामाऱ्या पाहिल्या, रडलो, दुसऱ्या दिवशी आंब्याखाली तेच संवाद म्हटले. पडद्यावरचं खोटं आणि घरातलं खरं हे मुलांना कळतं. इतकी चाळण लावली तर आजीच्या काळातला सिनेमा नातवंडांपर्यंत पोचणारच नाही. त्यांच्या फोनवर याहून भयंकर रोज येतंय, आणि ते पाहताना शेजारी कुणी मोठं माणूस नसतं.

प्रभातफेरी:

'सेन्सॉरनं नेमकं काय तपासलं होतं' या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

1930 साली प्रभातनं शिवछत्रपतींवर 'स्वराज्याचे तोरण' नावाचा चित्रपट केला. ब्रिटिशांच्या सेन्सॉरला शीर्षकातलं स्वराज्य खपेना, म्हणून तो 'उदयकाल' या नावानं लागला. 1935 साली संत एकनाथांवरचा चित्रपट आला. एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व, अस्पृश्यतेविरुद्धचा विषय आणि नाव 'महात्मा'. पुन्हा आक्षेप, कारण तेव्हा महात्मा म्हटलं की गांधीजीच डोळ्यांपुढे यायचे. त्याचा 'धर्मात्मा' झाला. आणि 1938 मध्ये अत्र्यांनी लिहिलेल्या 'ब्रह्मचारी'त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात 'यमुनाजळी खेळू खेळ' म्हणत पडद्यावर आल्या. केवढी खळबळ झाली त्या काळी! पण चित्रपट लागला आणि तुफान चालला. त्या वेळच्या सरकारला धास्ती स्वराज्याची होती.

स्वातंत्र्यानंतर 1952 चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला. इथे पालकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जून 1983 पर्यंत दाखले मुख्यतः दोनच होते, सर्वांसाठी 'यू' आणि प्रौढांसाठी 'ए'. मधली पायरीच नव्हती. 'यूए', म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा दाखला, 1983 मध्ये आला. त्यामुळे त्याआधीच्या चित्रपटाला 'यू' मिळालेला असला तर त्याचा अर्थ एवढाच, की बोर्डाला तो केवळ प्रौढांपुरता ठेवावा असं वाटलं नाही. आठ वर्षांच्या मुलीला झेपेल का, हा प्रश्न त्या चौकटीत कुणी वेगळा विचारलेलाच नव्हता. निर्मातेही 'यू'साठी जिवाचं रान करायचे, कारण 'ए' मिळाला की कुटुंबाचं कुटुंब तिकीटबारीवरून परत जायचं.

ख्वाजा अहमद अब्बास यांचा खटला याच कारणावरून झाला. त्यांच्या छोट्या माहितीपटात मुंबईतल्या वेश्यावस्तीची दृश्यं होती. बोर्ड 'ए' देत होतं, त्यांना 'यू' हवा होता. 1970 साली सर्वोच्च न्यायालयानं आधी तपासणी करण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला, पण लैंगिक विषय आला की तो अश्लीलच असं धरू नका, असंही बजावलं.

आणीबाणीतलं उदाहरण तर सगळ्यांच्या घरातलं आहे. 'शोले'च्या मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला संपवतो. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे बोर्डाला चालेना, म्हणून ऐनवेळी पोलीस येऊन त्याला अडवतात असा शेवट नव्यानं चित्रित करावा लागला. 15 ऑगस्ट 1975 ला लोकांनी पाहिला तो हा शेवट. ठाकुराचं अख्खं घर गोळ्यांनी संपवलं जातं, तो प्रसंग मात्र कायम राहिला. शेवट बदलायला लावणाऱ्यांच्या मनात कायद्याच्या दराऱ्याचा प्रश्न होता. घरात बसून पाहणारं मूल त्यांच्या हिशेबात कितपत होतं, हे त्यावरून समजतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की जुना दाखला त्या त्या काळाची भीती सांगतो. तुमच्या मुलांसाठी तो आपोआप लागू पडेल असं धरून चालू नका.

चंद्रपूरची_वैदेही:

प्रभातफेरी, अतिशय उत्तम प्रतिसाद.

कोकणकडा, गोळीबार खोटा असतो हे मुलांना कळतं, मान्य. पण 'अत्याचार झालेल्या मुलीनं जगायचं नसतं' हा नियम चित्रपटात कुणी मोठ्यानं बोलून दाखवत नाही. तो तसाच आत उतरतो, म्हणून मला त्याची जास्त धास्ती वाटते.

हे चित्रपट कुठल्या काळातले आहेत तेही पाहा. 1972 साली आमच्या तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं पोलिसांना दोषी ठरवलं. 1978 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमतीच असणार, असा युक्तिवाद तिथे टिकला. कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलावा लागला. न्यायालयात जे ग्राह्य धरलं जात होतं, त्याच समजुतीवर पडद्यावरची बहीण रोज मरत होती.

'इन्साफ का तराजू' 1980 चा. त्याचा हेतू बाईच्या बाजूचा आहे, कोर्टात तिला कसं ओरबाडलं जातं ते तो दाखवतो. तरीही त्यातले अत्याचाराचे प्रसंग ज्या तपशिलात आणि जितका वेळ दाखवलेत, ते पाहून मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. धाकट्या बहिणीच्या भूमिकेतल्या पद्मिनी कोल्हापुरे चित्रपट लागला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांच्या होत्या. त्यांना त्यासाठी फिल्मफेअर मिळालं. आज त्या वयाच्या मुलीकडून असा प्रसंग करून घ्यायचा विचार तरी कुणी करेल का?

मी माझ्या मुलांसाठी एकच गोष्ट पाहते. अत्याचाराच्या क्षणी कॅमेरा कुणाच्या नजरेनं बघतोय? मुलीच्या बाजूनं असेल तर सोळा-सतराच्या मुलांसोबत बसून पाहता येतो आणि बोलताही येतं. बघ्याच्या नजरेनं असेल तर तो चित्रपट माझ्या घरात लागत नाही, मग नट कितीही लाडका असो.

मृण्मयी_ठाणे:

वैदेही, कॅमेऱ्याबद्दलचं तुमचं म्हणणं दुपारी साबांना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आम्ही थेटरात त्या वेळी मान खाली घालायचो गं. कुणी बोलायचं नाही, पण सगळ्या बायका घालायच्या." त्यांनी स्वतःहून दोन नावांवर काट मारली.

लंडनची_मधुरा:

इकडचा अनुभव सांगते. ब्रिटनच्या बोर्डाची मला आवडलेली पद्धत म्हणजे जुना चित्रपट पुन्हा प्रदर्शित व्हायचा झाला की ते आजच्या निकषांवर तो नव्यानं पाहतात. 'मेरी पॉपिन्स' 1964 चा, पिढ्यान् पिढ्या 'यू' होता. 2024 च्या फेब्रुवारीत तो 'पीजी' (पालकांच्या मार्गदर्शनाखाली) केला, कारण त्यात आफ्रिकेतल्या लोकांसाठी वापरला जाणारा एक अपमानास्पद शब्द येतो. चित्रपटातलं एक अक्षर कापलं नाही. फक्त पालकांना आधी सांगितलं, की बाबांनो, हे आहे.

इथे यावरून पुष्कळ नाराजी झाली. माझ्या ऑफिसातल्या लोकांनाही ते अती वाटलं. पण माझी मुलगी तिच्या वर्गात एकटीच गव्हाळ रंगाची आहे. तिला तो शब्द ऐकू येणार असेल तर मला आधी माहीत असायला हवं. मला 'चालेल' किंवा 'चालणार नाही' असा निकाल नको असतो, आत काय आहे ते हवं असतं. बोर्डाच्या साइटवर चित्रपटाचं नाव टाकलं की हिंसा, भाषा, भेदभाव, नग्नता यांबद्दल दोन-चार वाक्यांत लिहिलेलं सापडतं. आपल्या जुन्या मराठी-हिंदी चित्रपटांसाठी असं कुणी करेल तर किती बरं होईल.

निवृत्त_गुरुजी_सातारा:

'शोले'चा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. गेल्या दिवाळीत नातवंडांना दाखवला. थोरला चौदाचा, धाकटी दहाची.

मला वाटलं होतं, घरातल्या हत्याकांडाला धाकटी घाबरेल. तिथे ती माझ्या हाताला धरून बसली, पण पाहू शकली. गब्बर त्या लहान मुलावर बंदूक रोखतो आणि गोळीच्या आवाजासरशी दृश्य बदलून आगगाडी येते, म्हणजे मूल मरताना दिसत नाही. तिला लागलं ते पुढचं. इमामचाचांचा अहमद नोकरीसाठी निघालेला असतो, त्याला पकडून आणतात. गब्बर आडवा पडलाय आणि हातावरून एक मुंगी चालतेय. तो ती चिरडतो. बस. पुढच्या दृश्यात घोड्यावरून अहमदचं प्रेत गावात येतं. रात्री झोपताना धाकटीनं विचारलं, "आबा, अहमदनं काय केलं होतं?" काहीच नाही, म्हटलं. "मग का मारलं?" तेव्हा खूप वेळ बोललो आम्ही. आंधळ्या बापाबद्दल, आणि गावानं त्यानंतरही भ्यायचं नाही असं का ठरवलं त्याबद्दल.

माझ्या अनुभवातून दोन गोष्टी. रक्त किती दिसतं यावरून मूल किती हादरेल याचा अंदाज बांधू नका. आणि भर प्रसंगात चित्रपट थांबवून प्रवचन देऊ नका. मुलांना त्याचा भयंकर राग येतो आणि पुढच्या वेळी ती आपल्यासोबत बसत नाहीत. बोलायचं ते नंतर, अंथरुणावर पडल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी चहाला.

थोरल्याशी मी वेगळं बोललो. बसंतीला बंदूक शिकवण्याच्या निमित्तानं वीरू जी लगट करतो, त्यावर तो खो खो हसला होता. दुसऱ्या दिवशी विचारलं, तुझ्या वर्गातल्या मुलीशी कुणी असं केलं तर? त्यानं उत्तर दिलं नाही, पण ऐकलं.

रंकाळा_वारा:

दादांच्या चित्रपटांचं काय करता मंडळी? आमच्या घरी वडील दादा कोंडक्यांचे निस्सीम भक्त. 'सोंगाड्या', 'पांडू हवालदार' त्यांना तोंडपाठ. दादांचा सेन्सॉरशी झगडा कायमचाच, आणि शब्द असे निवडायचे की कात्री चालवावी तरी कुठे!

मी पाहिलंय ते असं. सात-आठ वर्षांचं मूल त्या भोळ्या नाम्याच्या धांदलीवर, नाडी लोंबणाऱ्या चड्डीवर हसतं. दुसरा अर्थ त्याच्या गावीही नसतो. खरी पंचाईत बारा-तेराला होते. अर्थ कळायला लागलेला असतो आणि आजोबा शेजारी बसलेले असतात. त्या वयात मुलालाच अवघडल्यासारखं होतं. म्हणून लहानपणी 'सोंगाड्या' खुशाल दाखवावा, ऐंशीच्या दशकातले जास्त चावट हिंदी मात्र मुलं मोठी झाल्यावर त्यांची ती पाहतील. तमाशाची, लोकनाट्याची ती बोली मुलांच्या कानावर पडायला हवी, असं मला कळकळीनं वाटतं. ती गेली तर परत येणार नाही.

कायद्याचं_बोला:

थोडी सध्याची स्थिती सांगतो, कारण बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

2023 च्या दुरुस्तीनं 'यूए'चे तीन भाग झाले: 7+, 13+ आणि 16+. नियम 2024 मध्ये आले. हे वयाचे आकडे पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहेत, थिएटरवाला त्यावरून मुलाला अडवत नाही. अडवतो तो फक्त 'ए'ला. पूर्वी दाखला दहा वर्षांसाठी असे, आता तो कायमचा असतो. टीव्हीवर 'ए' चित्रपट जसाच्या तसा लावता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयात एका प्राध्यापिकेनं केलेल्या याचिकेनंतर वाहिन्यांना हे पाळावं लागलं. म्हणून टीव्हीवर पाहिलेला आणि ओटीटीवरचा तोच चित्रपट लांबीला वेगळा निघू शकतो. मृण्मयीताई, तुम्ही आधी पाहताय ती प्रत आणि रात्री लावताय ती प्रत एकच असू द्या.

ओटीटीवर 2021 च्या नियमांप्रमाणे वयोगट प्लॅटफॉर्म स्वतः ठरवतं आणि 13+ पासून पुढच्या गोष्टींसाठी पालकांना कुलूप लावायची सोय द्यावी लागते. मुलांचं प्रोफाइल वेगळं करून मुख्य प्रोफाइलला पिन घाला. ओटीटीवर हिंसा, भाषा वगैरे एकेका शब्दात लिहिलेलं असतं तेही वाचा, पण जुन्या चित्रपटांच्या बाबतीत ते फार त्रोटक असतं. वाट अडवणं, रंगावरून हिणवणं हे तिथे क्वचितच सापडेल.

आणखी एक. चित्रपटाच्या सुरुवातीला जो दाखला झळकतो त्यावर त्रिकोणाची खूण असली तर समजावं, की काटछाट झालेली आहे.

कोकणकडा:

वैदेही, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बहिणीबद्दल तुम्ही आणि मृण्मयीताई जे म्हणताय ते पटतंय. माझाही आग्रह सगळं सरसकट दाखवा असा नाही.

फक्त एका गोष्टीवर मी ठाम आहे. चित्रपट कापू नयेत. दाखवायचा तर पूर्ण, नाहीतर मूल मोठं होईपर्यंत थांबायचं. 2020 साली अमेरिकेत 'गॉन विथ द विंड' ओटीटीवरून काढला आणि थोड्याच दिवसांत परत आणला, तोच पूर्ण चित्रपट, सुरुवातीला एका अभ्यासक बाईंचं निवेदन जोडून. गुलामगिरीचं चित्र त्यात कसं गोड करून दाखवलंय ते त्या सांगतात. मला हा मार्ग आवडतो. आपल्या घरात ते निवेदन आजीनं करावं. ताईंच्या साबांनी मान खाली घालण्याबद्दल जे सांगितलं, ते त्या पंधरा वर्षांच्या मुलानंही ऐकायला हवं.

प्रभातफेरी:

कोकणकडा, शंभर टक्के अनुमोदन.

मृण्मयीताई, मोठ्या दोघांसाठी एक सुचवतो. जब्बार पटेलांचा 'उंबरठा', 1982. स्मिता पाटील महिलाश्रमाची अधीक्षक होऊन घराबाहेर पडते. आश्रमातल्या दोन बायकांचं एकमेकींवरचं प्रेम त्यात येतं, संस्थाचालकांचा दांभिकपणा येतो, आणि घर सोडलेल्या बाईला परत आल्यावर काय मिळतं तेही. पंधराच्या मुलाला चालेल. तेराच्या मुलीचं तुम्ही पाहून ठरवा. विषय जड असला तरी कॅमेरा कुठेच बघ्याचा होत नाही.

मृण्मयी_ठाणे:

सगळ्यांचे आभार. एवढं नीट लिहाल असं वाटलं नव्हतं.

आम्ही असं ठरवलंय: सगळ्यांसाठी एक यादी हा प्रकार बंद. चौघांनी मिळून पाहायचे ते विनोदी आणि पोशाखी, मोठ्या दोघांसाठी आठवड्यातून एक रात्र वेगळी, त्या दिवशी धाकट्या दोघी काकासोबत पत्ते खेळतील. पहिल्या रात्री 'उंबरठा', आणि साबा आधी स्वतः बोलणार आहेत. 'शोले' अजून शिल्लक आहे, तो गुरुजींच्या पद्धतीनं. आधी दूरदर्शनवरचा ओळखीचा शेवट, मग मूळ शेवट असलेली प्रत. 2025 मध्ये ती बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली होती, एवढं वाचलंय. नणंदेच्या मुलाला विचारायचंय, ठाकुरानं काय करायला हवं होतं.

एक शंका उरली. आठ वर्षांच्या धाकटीनं 'झपाटलेला'चा हट्ट धरलाय. शाळेत कुणीतरी तात्या विंचूची नक्कल करून दाखवली आहे. पण ती रात्री बाहुल्या कपाटात बंद करून झोपणाऱ्यांपैकी आहे.

रंकाळा_वारा:

आमच्या धाकट्याचं अगदी हेच होतं. आधी त्याला रामदास पाध्यांचे बोलक्या बाहुल्यांचे व्हिडिओ दाखवले, अर्धवटरावांचे. तात्या विंचूचा बाहुलाही पाध्यांनीच घडवलेला. बाहुल्याचं तोंड कोण हलवतं, आवाज कुठून येतो हे त्यानं पाहिलं, मग मोज्याचा बाहुला करून दोन दिवस घरभर बोलत फिरला. त्यानंतर चित्रपट लावला, तोही दुपारी, पडदे उघडे ठेवून. महेश कोठाऱ्यांची मारामारी आणि लक्ष्याची तारांबळ सुरू झाली की भीती निम्मी होते. सुरुवातीला मंत्राचा भाग आहे, तेवढ्या वेळी तिला मांडीवर घेऊन बसा.